हप्ते दोघांचे, घर एकाचं

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. हे पत्र लिहिताना माझं पासबुक समोर उघडं आहे. दर महिन्याच्या 5 तारखेला माझ्या खात्यातून माझ्या जोडीदाराच्या खात्यात, घराच्या हप्त्यासाठी 18,500 रुपये. अशी सलग नऊ वर्षं. काल रात्री बेरीज केली, 19 लाख 98 हजार झाले. फ्लॅटच्या इंडेक्स-2 वर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, मात्र नाव एकट्या त्याचं आहे.

आम्ही पुण्यात अकरा वर्षं लग्न न करता एकत्र राहिलो. मी विधवा, तो घटस्फोटित. पुन्हा लग्न केलं असतं तर पतीमागे मिळणारी माझी पेन्शन बंद झाली असती, हे मी लपवत नाही. कर्ज त्याच्या पगारावर मंजूर झालं, नावाचं नंतर बघू असं ठरलं आणि ते राहूनच गेलं. स्वयंपाकघरातला ओटा मी माझ्या उंचीला बेताचा करून घेतला होता, नेहमीपेक्षा दोन इंच खाली. आता आमचं पटत नाही. तो म्हणतो, घर माझं आहे.

2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लग्नासारखं नातं बसतं. 2010 मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अटी सांगितल्या: दोघंही लग्नाला मोकळे हवेत, जगासमोर नवरा-बायकोसारखे राहिलेले हवेत. आम्ही त्यात बसतो. पण तो कायदा राहण्याचा हक्क देतो, मालकीत वाटा देत नाही. मला त्या घरात राहायचंच नाही. ज्याने कधी हात उचलला नाही, त्याच्यावर छळाची तक्रारही करायची नाही. माझे पैसे घरात गेले, तेवढा माझा वाटा मला हवा आहे.

वकीलबाईंनी आधीच सावध केलं. 'पैसे माझे, नाव त्याचं' असं दाव्यात लिहिलं की समोरून बेनामी कायद्याचं कलम 4 पुढे येणार: दुसऱ्याच्या नावावर घेतलेली मालमत्ता आपली म्हणून परत मागता येत नाही. स्वतःच्या कमाईतून पती, पत्नी किंवा मुलांच्या नावावर घेतलेली मालमत्ता त्या कायद्याने वगळली आहे, लग्न न झालेल्या जोडीदाराच्या नावावरची नाही. त्याच कायद्यात सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. आपलेच पैसे मागताना बाईने तुरुंगाची भीती का बाळगायची?

2013 मध्ये इंद्रा शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नाविना नात्यांचा प्रश्न संसदेकडे सोपवला होता, योग्य कायदा करा म्हणून. उत्तराखंडने लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली, सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागता येते. पण मिळून घेतलेल्या घराचं काय, ते त्यात नाही. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरतात, तीही लग्न झालेल्यांचीच. (उरलेल्या देशात तर लग्नाच्या बायकोलाही असा वाटा नाही, तेही आपण बघावं.) ऑस्ट्रेलियात मार्च 2009 पासून, साधारण दोन वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याला कुटुंब न्यायालयात वाटणी मागता येते. तिथे पैशांसोबत घरकामही मोजतात.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. लग्नासारख्या नात्यातल्या जोडीदाराला बेनामी कायद्यातून पती-पत्नीसारखंच वगळा. आणि नातं तुटल्यावर योगदानाप्रमाणे वाटा मागण्यासाठी कुटुंब न्यायालयाचं दार उघडा.

येत्या शनिवारी मी घराची चावी परत देणार आहे. पासबुकं माझ्याकडे ठेवली आहेत. आपल्या कार्यालयाने मागितली तर छायाप्रती पाठवीन.

आपली,
पुण्यातील एक नागरिक