खूण बुडाली की निघायचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी सुचवलं होतं, की मतिमंद मुलांची आईबापांच्या माघारी सोय व्हावी म्हणून शहराबाहेर दहा-बारा एकर जागा घेऊन मोठं निवासी संकुल बांधावं. सगळे एका छताखाली, कुंपणाच्या आत, सुरक्षित. पत्र कळकळीनं लिहिलेलं होतं. पण तिथं ज्यांना राहायचंय त्यांना कुणी विचारायचं का, याची एक ओळही त्यात सापडली नाही. म्हणून लिहायला बसले.

मी टपाल खात्यातून निवृत्त झाले, सांगलीच्या गावभागात राहते. धाकटा भाऊ माझ्याबरोबर असतो. त्याला डाउन सिंड्रोम आहे, वय ४६. त्याला मूल म्हणणारे अजून भेटतात, दाढी पिकली तरी. आई गेली तेव्हा तेराव्याच्या पंगतीतच एका मामांनी खिशातून आश्रमाचा पत्ता काढला. भाऊ समोर जिलबी खात होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यानं विचारलं, "ताई, मला कुठं ठेवणार?" 'ठेवणार' हा शब्द त्यानं मामांच्या तोंडून उचलला होता. तोवर आमच्या घरात तो कुणी त्याच्यासाठी वापरला नव्हता.

मी काही मामांपेक्षा फार शहाणी होते असं नाही. २००५ च्या पुरात आई होती. पाणी गल्लीत शिरायला लागलं तसं तिनं जिन्याच्या पहिल्या पायरीवर खडूनं रेघ मारली आणि त्याला सांगितलं, "ही खूण बुडाली की मला सांगायचं, मग आपण निघायचं." आमचे सगळ्यांचे कान 'आयर्विनला किती फूट?' याकडे (कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी मोजतात), आणि हा जिन्यात बसून रेघेवर डोळा ठेवून. दुपारी वर आला तो पत्र्याची पेटी हातात घेऊनच. "आई, खूण बुडाली."

२०१९ ला आई नव्हती. आयर्विनचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, दारात बोट आली. शेजारच्या वहिनींना मी दहा मिनिटं समजावलं की आता घर सोडायलाच हवं. भावाला एक शब्द बोलले नाही. दोघा पोरांनी काखेत हात घालून त्याला उचलला आणि बोटीत बसवला. तो ओरडत होता, मला वाटलं पाण्याला घाबरलाय. पेटी मागं राहिली होती. विश्रामबागच्या शाळेत आम्ही आठ दिवस काढले, तेवढे दिवस तो भिंतीकडे तोंड करून झोपला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा पहिलं काम खडू शोधायचं केलं.

त्याला समजत नव्हतं असं नाही. त्याला समजेल असं सांगायला आम्हीच विसरलो होतो. या विषयावरच्या पुस्तकी भाषेत 'निर्णयासाठी साहाय्य' असा भारदस्त शब्द येतो. आमच्या घरी ते खडूच्या रेघेपुरतं होतं.

सध्या तो विश्रामबागेत एका भडंगवाल्याकडे पाकिटं भरतो. त्याला वीसपर्यंत मोजता येत नाही. मालकांनी पुठ्ठ्यावर वीस चौकोन आखून दिले. प्रत्येक चौकोनात एक पाकीट, चौकोन भरले की माल खोक्यात. बसचं शिकायला तीन महिने गेले. पहिला महिना मी त्याच्या शेजारी बसले, दुसरा महिना मागच्या सीटवर अनोळखी असल्यासारखी, तिसऱ्या महिन्यात नुसती थांब्यापर्यंत. सुरुवातीला मालक मलाच फोन करायचे, "याला आज सुट्टी द्यायची का?" म्हटलं, त्यालाच विचारा. आता त्यालाच विचारतात. तो बहुतेक नको म्हणतो. शनिवारी मात्र हवी असते, बाजार असतो.

पगार खात्यात जमा व्हावा म्हणून आम्ही बँकेत गेलो. तो काउंटरला टेकून उभा, आणि साहेब त्याच्या डोक्यावरून मला विचारतात, "यांना कळतं का? पालकत्वाचा दाखला आणा." त्याला सही येते. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर काढत, दीड मिनिट लागतं. मागच्या रांगेतून च्यक् च्यक् ऐकू येतं, हेही खरं. चार हेलपाटे झाले. शेवटी खातं निघालं, पण माझ्याबरोबर जोडून आणि एटीएम कार्डाशिवाय. कार्ड त्याला नकोच होतं, पण नको हे त्यानं म्हणायचं की साहेबांनी?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्याच्या कलम ५ नुसार दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच निवासव्यवस्थेत राहा अशी सक्ती त्याच्यावर होऊ नये, हे सरकारनं पाहायचं आहे. कलम १३ मालमत्ता आणि पैशाच्या व्यवहारात त्याला इतरांच्या बरोबरीनं धरतं. कलम १४ मधलं पालकत्व मर्यादित आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, दोघांनी मिळून घ्यायच्या निर्णयाचं, आणि त्याच्या इच्छेला धरून. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमणारी स्थानिक समिती प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. अर्ज आल्यावर तिनं आधी दोन गोष्टी बघायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कशासाठी. पण माझ्या ओळखीच्या घरांतून ऐकू येतं ते एकच. अठरा पूर्ण झाली? मग दाखला काढून टाका, पुढं कटकट नको. एकदा दाखला निघाला की बँकेपासून दवाखान्यापर्यंत कुणी त्या माणसाकडे बघून बोलत नाही.

बरं, हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात लोईस कर्टिस आणि इलेन विल्सन या बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या दोघींना डॉक्टरांनी बाहेर राहायला हरकत नाही म्हटलं, तरी रुग्णालयातच ठेवून घेतलं होतं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला, की गरज नसताना माणसाला असं वेगळं काढून ठेवणं हा भेदभाव आहे. कर्टिस पुढं चित्रकार म्हणून नावाजल्या. आपल्या देशानं संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्यातलं कलम १९ हेच सांगतं: कुठं राहायचं आणि कुणाबरोबर, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

आता कुणी म्हणेल, तुमचा भाऊ बसनं जातो, तुम्हाला बोलायला काय जातं? आमच्या मागच्या गल्लीत पंचाहत्तरीची एक आई आपल्या चाळिशीतल्या मुलाला रोज उचलून न्हाणीत नेते. तिला हक्कांचं व्याख्यान देणं हा दुष्टपणा होईल. तिला सकाळचे दोन तास पगारी मदतनीस हवा, तोही आज. पण दहा एकरांतलं संकुल तिला मदतनीस देत नाही, तिच्याकडून मुलगा नेतं. आणि त्या मुलालाही कळतं. त्याची खाट खिडकीशी नसली की तो जेवत नाही.

माझ्या डोळ्यांपुढं आहे ते असं: चालत्या गल्लीतलं साधं घर, तिघं-चौघं राहणारी, मदतीला येऊन-जाऊन माणूस, खाली किराणा दुकान. राष्ट्रीय न्यासाची प्रौढांसाठी गटनिवासाची घरौंदा योजना आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून मंडपात वस्तू वाटून फोटो काढण्याऐवजी दहा मदतनिसांचा पगार दिला, तर किती घरं सावरतील याचा हिशेब नगरसेवकांनी एकदा मांडून बघावा.

माझ्यानंतर काय? मी ६१ ची आहे, रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच प्रश्न असतो. आम्ही एक शंभर पानी वही घातली आहे. तो सांगतो, मी लिहिते. दवाखान्यात बरोबर कोण हवं (भाचा, मी नको, मी रडते). दिवाळीत कुणाकडे राहायचं. पेटीला हात कुणी लावायचा नाही. वहीच्या प्रती भाच्याकडे, भडंगवाल्यांकडे आणि शेजारच्या वहिनींकडे आहेत. एवढ्यानं सगळं भागणार नाही, मला माहीत आहे.

चुका होतात. गेल्या वर्षी तो विश्रामबागला उतरलाच नाही, थेट मिरजेला गेला. तीन तास माझ्या जिवात जीव नव्हता. सापडला मिरज स्टेशनच्या फलाटावर, गाड्या बघत. त्या संध्याकाळी मला मामांच्या खिशातला पत्ता आठवला होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला चपला घालून दारात उभा राहिला. मी जाऊ दिलं, पण खिशात माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी घालून. मतदानालाही तो दर वेळी जातो. कुणाला मत दिलं ते मला अजून सांगितलेलं नाही.

पाठवण्याआधी हे पत्र त्याला वाचून दाखवलं. नाव छापायचं नाही म्हणाला, म्हणून माझंही देत नाही. मिरजेचं आलं तसा गप्प झाला, मग म्हणाला, "ते काढून टाक." मी खोडायला घेतलं. थोड्या वेळानं परत आला. "राहू दे. पण हमालानं चहा पाजला, ते नाही लिहिलंस."

तर, हमालानं चहा पाजला होता. बिस्किटंही दिली होती.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली