चिकूचं 'करलं' आणि आजीचं 'गेले'

लाइपझिग (जर्मनी), रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

मी ठणठणीत आहे. जेवतेसुद्धा, त्यामुळे ते पुन्हा विचारू नका.

आई, चिकू आधी नीट 'केलं' म्हणायची आणि आता 'करलं' म्हणते, म्हणून तू घाबरलीस ना? अगं, पोर मागे नाही, पुढे चालली आहे. तेव्हाचं 'केलं' तिने आपल्या तोंडून अख्खं उचललं होतं. आता 'भरलं', 'धरलं', 'मारलं' ऐकून 'लं' जोडायचा नियम तिचा तिला सापडलाय, म्हणून ती तो सगळीकडे लावते. इंग्रजी मुलंही आधी 'वेन्ट' म्हणतात आणि मग 'गो'ला शेपूट जोडून 'गोड्' म्हणू लागतात. वहिनीला सांग, टोकू नकोस. 'केलं' परत येईल.

माझं कामही हेच, अशी रूपं मेंदू कशी तयार करतो ते बघायचं. आणि घाबरू नका, त्यासाठी डोक्याला लावतात त्या तारा मेंदूतली वीज फक्त टिपतात, आत काही सोडत नाहीत. खरंच. जर्मनमध्ये 'लाउफेन'चं (म्हणजे धावणं) भूतकाळी रूप 'गेलाउफेन'. त्याजागी नियमाने केलेलं चुकीचं 'गेलाउफ्ट' वाचलं की डाव्या कपाळाकडच्या तारांवर वेगळी लाट उठते, असं 1997च्या एका प्रयोगात दिसलं. नियमाची रूपं मेंदू जागच्या जागी घडवतो आणि 'केलं'सारखी आठवणीतून काढतो, की दोन्ही एकाच जाळ्यातून येतात, हा वाद 1986पासून चालू आहे. बाबा, 'याचा उपयोग काय' म्हणालात. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना आठवणीतली रूपंच जास्त अडतात, असंही आढळलंय. आजी फोनवर बोलते तेव्हा मी तिचे 'आले', 'गेले', 'दिलं' कान देऊन ऐकते. परवा सगळी बरोबर होती. तुम्ही तिथे आहात, मी नुसती ऐकते.

आणि आई, माझ्या मैत्रिणीला तू आदल्या दिवशीच वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यास, तेव्हा तिचा चेहरा पडला तो रागाने नाही. इथे आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. बाराच्या ठोक्याआधी एक मिनिटसुद्धा नाही! उशिरा दिल्या तर चालतं. शिवाय केक ज्याचा वाढदिवस त्यानेच करून ऑफिसात न्यायचा. तिने नेला, मला दोन तुकडे दिले, म्हणजे राग नाहीच.

मी पैसे पाठवलेत, त्यातून आधी आजीची कवळी करा, गच्चीचं नंतर बघू. नागपूरच्या स्थळाला माझा नकार कळवा, 'बघतो' म्हणून लटकवू नका. दिवाळीला यायचं जमत नाहीये, प्रयोगाच्या तारखा तेव्हाच आल्यात. आजीला तुम्ही सांगू नका, मीच सांगेन.

तुमची,
मनू