जादा भारासाठी म्हणून विकलेले टायर मूळ टायरपेक्षा कमी भाराचे निघाल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
टायर विक्री विभाग

विषय: युटिलिटी वाहनाला चुकीचे टायर बसवल्याबद्दल, टायर बदलून मिळणे किंवा पूर्ण रक्कम परत मिळणे

महोदय,

आपल्या विक्रेत्याने आमच्या माल वाहणाऱ्या युटिलिटी गाडीला 235/75 आर 15 मापाचे चार टायर बसवून दिले. ‘हेवी ड्यूटी, जादा लोडसाठी’ असे बिलावरच लिहिले आहे. प्रत्यक्षात काढून टाकलेले टायर यांच्यापेक्षा जास्त भार उचलत होते.

जुने टायर 195 आर 15 सी (‘सी’ म्हणजे व्यावसायिक वाहनाचा टायर), आठ प्लाय रेटिंगचे (सांगाड्याच्या ताकदीचे माप), लोड इंडेक्स, म्हणजे भारक्षमतेचा क्रमांक, 106/104; पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. एकेरी चाकाला 106 म्हणजे 950 किलो. नव्या टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) 105 एस आहे (‘एस’ ही वेगमर्यादेची खूण), म्हणजे 925 किलो. मापाच्या शेवटी ‘सी’ नाही, सुरुवातीला ‘एलटी’ही (हलक्या ट्रकची खूण) नाही. हा पॅसेंजर, म्हणजे मोटारीचा टायर आहे. रुंदी 40 मिलिमीटरने वाढली आणि क्षमता दर चाकामागे 25 किलोने घटली.

गाडीच्या पाटीवर मागच्या ॲक्सलची मर्यादा 1,880 किलो आहे. जुनी जोडी 1,900 किलो पेलत होती, नवी 1,850 पेलते, म्हणजे कागदावरच कमी पडते. शिवाय अमेरिकी नियमांनुसार पॅसेंजर टायर ट्रक किंवा युटिलिटी वाहनाला लावला, तर त्याची क्षमता 1.1 ने भागून धरतात, कारण अशा गाडीचा वापर मोटारीपेक्षा खडतर असतो. त्या हिशेबाने एका टायरचे 841 आणि जोडीचे 1,682 किलो होतात. जवळजवळ दोनशे किलोंची तूट!

यावर आपल्या सेवा केंद्राचे उत्तर: ‘हवा वाढवा.’ टायर धंद्यातल्या माणसाने असे सांगावे याचे नवल वाटते. भार मुख्यतः आतली हवा पेलते हे खरे, पण ती हवा धरून ठेवणारा सांगाडाही तेवढा दणकट हवा. आठ प्लायचा सी टायर 65 पीएसआयपर्यंत हवा घेतो, म्हणून अरुंद असूनही 950 किलो झेपतात. पॅसेंजर टायरचे 925 किलो 36 पीएसआयच्या आसपासच मिळतात, त्यापुढे कितीही हवा भरली तरी आकडा वाढत नाही. या टायरवर कमाल हवा 44 पीएसआय छापली आहे. भरल्या गाडीत साइडवॉल फुगून दबते, प्रत्येक फेऱ्यात वाकते, तापते आणि ट्रेडचे (रस्त्याला टेकणाऱ्या भागाचे) दोन्ही खांदे मधल्या पट्ट्याआधी झिजतात. उष्णता साचत गेली की ट्रेड सुटण्याचा धोका असतो, तोही नेमका वेगात आणि मालासकट.

रिमकडे तर कुणी पाहिलेलेच दिसत नाही. मूळ रिम साडेपाच जे (साडेपाच इंच रुंद) आहे आणि या मापाला किमान सहा जे लागते. अरुंद रिमवर दोन्ही बीड (रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडा) जवळ ओढले जातात, साइडवॉल बाहेर फुगते आणि वळणावर गाडी झुलते. स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढचा टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो. अस्तरावर बोटभर रुंद काळा पट्टा उमटला आहे, त्याचा फोटो सोबत आहे. टायरचा व्यास सुमारे 700 वरून 733 मिलिमीटर झाल्याने चाकाशी मिळणारा जोर चार-पाच टक्क्यांनी घटला, भरल्या गाडीला चढावर तो जाणवतो. किलोमीटरची नोंदही तेवढीच कमी होते. स्टेपनी मात्र जुन्याच मापाची राहिली, ती मागे लावली तर एकाच ॲक्सलवर दोन व्यास येऊन डिफरन्शियलचे (दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळणाऱ्या यंत्रणेचे) आतले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतील.

टायर कितीही मोठे बसवले तरी पाटे, हब बेअरिंग, ब्रेक आणि चेसिस यांची मर्यादा तीच राहते, म्हणून गाडीची एकूण वजनमर्यादा वाढत नाही. ‘या टायरवर दोनशे किलो जास्त टाका’ हे आपल्या विक्रेत्याचे बोलणे धोकादायक आहे. दुसऱ्या ग्राहकांनाही तो हेच सांगत असेल, तर ते आधी थांबवा.

आमची मागणी: चारही टायर परत घेऊन मूळ मापाचे, 106/104 इंडेक्सचे सी टायर द्यावेत. मोठेच माप सुचवायचे असेल तर सी किंवा एलटी बांधणीचे, किमान 106 इंडेक्सचे टायर, त्यांना बसणारी रिम, त्याच मापाची स्टेपनी आणि उत्पादकाचा भार-हवा तक्ता, हे सगळे एकत्र द्यावे. व्हॉल्वही जास्त दाबाचे लागतील, साधे रबरी व्हॉल्व 65 पीएसआयच्या पुढे चालत नाहीत. यातले काहीच जमत नसेल, तर बसवणी आणि बॅलन्सिंगच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी.

बिल, साइडवॉल, रिमवरचा शिक्का आणि गाडीच्या पाटीचे फोटो जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तोपर्यंत गाडी अर्ध्या भारावर चालवावी लागत आहे, त्या नुकसानीची मागणी स्वतंत्रपणे करू.

आपला,
एक ग्राहक