बुंध्यावरची ती बुरशी काठीने पाडू नका

संपादक महोदय,

वादळात गुलमोहर आडवा झाला की ‘हिरवेगार झाड अचानक कोसळले’ असे आपण म्हणतो. पडलेल्या बुंध्याजवळ जाऊन पाहिले तर अनेकदा त्यात अचानक काहीच नसते. मनगटाएवढी मुळे ओल्या पुठ्ठ्यासारखी तुटलेली असतात. आतले लाकूड पांढरट आणि हलके झालेले असते, अंगठ्याने दाबले तर दबते. पुष्कळदा त्याच बुंध्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लाखेचा हात दिल्यासारखी चमकणारी तपकिरी बुरशी असते. ती गॅनोडर्मा. नागपुरात सिव्हिल लाइन्सपासून अजनीपर्यंत रस्त्याकडेच्या जुन्या झाडांखाली पावसाळ्यात सहज नजरेत येईल अशी ती आहे, फक्त वाकून पाहायला हवे.

पाऊस स्थिरावला की बुंध्याशी किंवा जमिनीखालच्या मुळावर आधी पांढरा-पिवळसर गोळा येतो. काही आठवड्यांत तो पंख्यासारखा पसरतो. मागचा भाग तांबूस तपकिरी होतो आणि वाढती कड पांढरीच राहते. खालच्या बाजूला भूछत्रासारखे पडदे नसतात. सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रे असतात, एका मिलिमीटरमध्ये चार-पाच. ताज्या पांढऱ्या तळावर नखाने रेघ ओढली की रेघ तपकिरी उमटते. ओळख पटवायला यापेक्षा सोपी खूण नाही. पुढे आजूबाजूच्या पानांवर, पारावर आणि बुरशीच्या स्वतःच्या पाठीवरही कोको पावडरीसारखा थर बसतो. लोक त्याला धूळ समजतात, पण ते बीजाणू असतात.

गुलमोहराबरोबर शिरीष, बाभूळ, शिसू, सुबाभूळ हीही तिची झाडे. बाभळीवर आणि खैरावर मात्र आणखी एक बुरशी दिसते: घोड्याच्या खुरासारखी, दगडासारखी कडक, पाठ काळपट आणि भेगाळलेली, तळ पिवळसर तपकिरी. ती फेलिनस गटातली, तिच्यावर चकाकी नसते. वाळक्या फांद्यांवरची राखाडी, केसाळ, नाण्याएवढी पंखे मेलेल्या लाकडावर जगणारी असतात. त्यांना पाहून अख्खे झाड तोडायला धावू नये. आणि सात्या, टेकोडे ही रानभूछत्रे खाणाऱ्या आपल्या भागात हेही सांगायला हवे, की ही लाकडी बुरशी भाजीची नव्हे.

मग झाड हिरवे कसे राहते? पाणी वर नेणारे लाकूड सालीलगत असते. गॅनोडर्मा मुळांत आणि बुंध्याच्या गाभ्यात काम करते, लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन आणि सेल्युलोज दोन्ही फोडते. पाने, फुले येत राहतात, पण जमिनीतली पकड जाते. शिरकाव बहुतेक जखमेतून होतो. केबल किंवा पाइपसाठी खोदताना तोडलेले मूळ, खोडाला लागलेला जेसीबीचा दात, अर्धवट तोडून सोडलेला खुंट. सिमेंटचा रस्ता करताना बुंध्यालगत मुळे छाटली जातात आणि वरून काँक्रीट बसते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. नागपूरच्या काळ्या मातीत तेवढी मोकळी जागा अजूनच गरजेची आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही बुरशी दिसली की काठीने पाडणे किंवा गेरू-चुन्याखाली दडवणे. दिसते ते फक्त तिचे फळ, खरी बुरशी लाकडाच्या आत असते. फळ पाडल्याने रोग जात नाही, पुरावा तेवढा जातो. औषध ओतून कुजलेले लाकूड पुन्हा भक्कम होत नाही. त्यापेक्षा शेजारी पाच रुपयांचे नाणे ठेवून फोटो घ्या. झाडाची जात, 1.37 मीटर उंचीवरचा घेर, बुरशी कोणत्या दिशेला, झाड कोणीकडे कलले, बुंध्याशी माती उचललेली किंवा भेगाळलेली आहे का, हे लिहून महापालिकेच्या उद्यान विभागाला द्या. लाकडी हातोडीने बुंधा चहूबाजूंनी ठोकून पाहा, पोकळ जागी आवाज ढोलासारखा येतो. खोडाची त्रिज्या 30 सेंटीमीटर असेल तर किमान 9-10 सेंटीमीटर धड लाकूड सगळीकडे हवे, असा ढोबळ हिशेब आहे. मुळेच कुजली असतील तर तो हिशेब लागू नाही. स्वतः कुऱ्हाड लावू नये. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, शिवाय कधी कधी फांद्यांचा भार कमी करूनही भागते. मात्र शेंडा छाटून झाडाचा खांब करणे म्हणजे नव्या जखमा देणे.

आमची विनंती वेळेबद्दल आहे. धोकादायक झाडांची पाहणी मे महिन्यात केली तर गेल्या पावसातली बहुतेक फळे किड्यांनी खाल्लेली किंवा गळालेली असतात. ही पाहणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, वाकून, बुंध्याभोवती पूर्ण फेरी मारून व्हावी. म्हणजे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आणि त्यामागून येणाऱ्या वादळांआधी काम करायला सहा-सात महिने हाती राहतात. आणि झाड काढलेच, तर खुंट आणि जाड मुळेही उपसून न्यावीत. त्याच खड्ड्यात लगेच दुसरा गुलमोहर लावू नये, कारण बुरशी जुन्या मुळांतून नव्या मुळांत जाते.

— काही वनस्पती-अभ्यासक, नागपूर