आई, बांबोळीची खेप चुकवू नकोस

स्विंडन, इंग्लंड

तीर्थरूप आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळे एकदम बोलतात आणि मुख्य तेवढं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. बाबा, पत्र तुम्ही आधी वाचा, पण मग आईच्या हातात द्या. तिला गाळून सांगू नका.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, थंडीचे कपडे घेतलेत. मी वाळले असं मावशी म्हणाली, पण ते मी दिव्याखाली दिसले म्हणून. इथे आपली गोंयकार माणसं इतकी आहेत की सोलं आणि सुकी सुंगटंसुद्धा मिळतात, त्यामुळे उपाशी राहते हे मनातून काढ. चवथीला आले नाही याचा राग तुझ्या आवाजात कळला. रजा पुढे एकदम मोठी घ्यायची म्हणून राखून ठेवलीय. दादाने पाठवलेला माटोळीचा फोटो मी कामावर सगळ्यांना दाखवला.

आता मुद्द्याचं. नेहा सांगत होती की तू बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जायला कुरकुरतेस. केस आले, भूक लागते, कंबर दुखत नाही, मग दर तीन आठवड्यांनी पेडण्याहून एवढा प्रवास कशाला? आणि मांडीत पाच मिनिटांचं इंजेक्शन, त्याने काय मोठं होणार? त्यात मावशीचं, ‘फुकट मिळतं म्हणजे हलकंच असणार.’

आई, हलकं मुळीच नाही. मी इथे वॉर्डात बायकांना देते तेच हे औषध, फेस्गो. इतकं महाग औषध बांबोळीला मोफत मिळतं ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. त्यात पर्ट्युझुमॅब आणि ट्रास्टुझुमॅब अशी दोन औषधं आहेत. ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेत 1998 साली मंजुरी मिळाली, दोन्ही एकत्र करून कातडीखाली द्यायला 2020 साली. तुझ्या गाठीचा तुकडा तपासला तेव्हा ‘हर-टू पॉझिटिव्ह’ आलं होतं, आठवतं? स्तनाच्या शंभर कॅन्सरांत असे पंधरा-वीसच असतात. त्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन नको तेवढं असतं आणि ते पेशीला सारखं ‘वाढ, वाढ’ सांगत राहतं. ही दोन औषधं त्याला दोन वेगळ्या जागी धरतात. आपल्या शरीरातल्या लढणाऱ्या पेशींनाही त्यामुळे कळतं की कुणावर तुटून पडायचं. आधीच्या केमोने केस गेले, कारण ती सगळ्याच वाढत्या पेशींना मारते. ती थांबली आणि हे एकटं चालू राहिलं, म्हणून केस आले. औषध जुनं झालं किंवा कमी पडलं म्हणून नव्हे.

पाच मिनिटांत कसं होतं तेही सांगते. पहिल्या वेळी 15 मिली होतं, आता दर वेळी 10 मिली. एवढं पाणी कातडीखाली मावत नाही. म्हणून त्यात एक एन्झाइम असतं, जे थोड्या वेळापुरती आतली जागा सैल करतं, कुळागरात पाटातला चिखल बाजूला सारून पाण्याला वाट देतात तसं. पूर्वी हीच औषधं शिरेतून सलाइनवर द्यावी लागत. वेळ वाचला, औषध तेच राहिलं. एकदा डावी मांडी, पुढच्या वेळी उजवी, हे तू लक्षात ठेव.

आणि खेप का चुकवायची नाही ते ऐक. आधीच्या इंजेक्शनपासून सहा आठवडे उलटले तर पहिल्यासारखा मोठा डोस पुन्हा द्यावा लागतो. मधल्या काळात त्या पेशींना मोकळं रान मिळतं ते वेगळंच. हृदयाची इको काढायला सांगतील तेव्हा काढ, हे औषध कधी कधी हृदयाला थकवतं. जुलाब लागले तर लाजू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. बाबूने आणलेलं गावठी औषध त्यांना दाखवल्याशिवाय घेऊ नकोस. बाबा, तुम्ही विचारलंत, पण फेस्गो इथून पाठवता येणार नाही. ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आणि तिथे आहेच की!

इथली एक पद्धत तुला सांगायचीच आहे. सुई टोचण्याआधी दर वेळी नाव आणि जन्मतारीख विचारायची. ओळख कितीही जुनी असो. एक आजी माझ्याकडे नेमाने येतात, त्यांच्या गुलाबांची नावं मला पाठ आहेत, तरी मी विचारते, ‘तुमचं नाव? जन्मतारीख?’ आणि त्या पहिल्यांदाच भेटल्यासारख्या गंभीरपणे सांगतात. मग मी हातातला कागद बघते, मनगटावरची पट्टी बघते, दुसरी नर्स येऊन तेच बघते. कुणी रागावत नाही. उलट न विचारलं तर माणूस अस्वस्थ होतो. सुरुवातीला मला हे कोरडं वाटायचं. आपल्याकडे ‘काय काकी, जेवलात?’ असं विचारतात. तुझी तारीख तर शाळेत गुरुजींनी टाकलेली एक जून! पण इथे डॉक्टरही जे सांगायचं ते त्याच माणसाला सांगतात, मुलाला बाहेर बोलावून नाही. ते मला पटलंय.

म्हणून मीही तुला सरळ सांगते. हाडात उतरलेला हा आजार मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही. तो दाबून ठेवायचा, आणि जोवर औषध लागू पडतंय तोवर घेत राहायचं. हीच दोन औषधं केमोबरोबर शिरेतून देऊन काय फरक पडतो, याचा 808 बायकांवर अभ्यास झाला. त्यात एकटं जुनं ट्रास्टुझुमॅब आणि केमो मिळालेल्या शंभरातल्या 23 जणी आठ वर्षांनी हयात होत्या, दोन्ही औषधं मिळालेल्यांतल्या 37. पूर्वी हर-टूचं नाव ऐकलं की डॉक्टरांचा चेहरा उतरायचा. त्या 37 जणींत तू असावीस यासाठी मी हे सगळं लिहितेय.

इंजेक्शन हाताने हळूहळू ढकलावं लागतं, तेवढा वेळ मी त्या बायकांशेजारी बसलेली असते. तुझ्याशेजारी दुसरी कुणी बसते. तिला माझा नमस्कार सांग. मी इथे बसून सल्ले देते असं वहिनीला वाटत असेल, तर तिचं खरंच आहे. धावपळ तिची होतेय.

पैसे दादाच्या खात्यात टाकलेत. त्यातून गाडीभाडं द्या, कदंबच्या बसने धक्के खात जाऊ नका. उरलेले नेहाच्या हॉलच्या आगाऊ रकमेला. लग्न आईसाठी घाईने उरकायचं नाही आणि पुढेही ढकलायचं नाही. तुळशीच्या लग्नानंतर जो मुहूर्त ठरलाय तोच ठेवा, फक्त आईच्या इंजेक्शनच्या दिवसाला लागून काही नको. माझी रजा त्याच वेळची आहे. सावंतवाडीच्या स्थळाचं मामाला सांगा, मी आल्यावर मुलाशी बोलेन. नाही म्हणत नाही, पण इथली नोकरी सोडून ये असं आधीच ठरवू नका. दागिन्यांसाठी तुझ्या पाटल्या मोडू नकोस, सोन्याचं मी बघते.

बाबांना, दादा-वहिनींना नमस्कार, नेहाला आशीर्वाद.

तुझी,
ज्योती

ता. क. पुढच्या खेपेची तारीख आणि इकोचा आकडा नेहाला मला कळवायला सांग.