रात्री दोन ते तीन मला द्या

त्सिटाऊ, जर्मनी
रविवार दुपार

प्रिय पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सलाम. आईला आणि आजीला माझा सलाम सांगा.

तुमचा मेसेज रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत वाचला. ईस्टरआधीच्या दुःखसहनाच्या आठवड्यात साखळी प्रार्थना (तास वाटून घेऊन अखंड चालवायची प्रार्थना) ठेवायची आहे, पण रात्री बारा ते चारचे रकाने कोणी भरत नाही, म्हणून ‘यंदा दिवसाचीच ठेवू’ असं कमिटीत चाललंय. पाळकसाहेबांनाही ते पटलंय म्हणता. पप्पा, एवढ्यात मान डोलवू नका. मला यावर सविस्तर बोलायचंय, आणि फोन लावला की आई ‘जेवलीस का’वरून पुढे सरकू देत नाही, म्हणून लिहितेय.

इथून जवळच हेर्नहुट नावाचं छोटं गाव आहे. मागच्या सुट्टीला बसने जाऊन आले. 2024 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण गर्दी कसली ती नाही. तिथल्या मोराव्हियन मंडळीचं प्रार्थनामंदिर आतून सगळं पांढरं, भिंती पांढऱ्या आणि बाकंही पांढरी. वेदी नाही, समोर नुसतं टेबल. 1945 मध्ये युद्धाच्या अगदी शेवटी ते जळालं होतं, नंतर पुन्हा उभं केलं. टेकडीवरच्या कबरस्तानात सगळे दगड जमिनीलगत आडवे, एकाच मापाचे. भावांचे, म्हणजे मंडळीतल्या पुरुषांचे, एका बाजूला, बहिणींचे दुसऱ्या. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना करायची त्यांची रीत 1732 पासूनची आहे.

या गावात लोकांनी अहोरात्र साखळी प्रार्थना चालवली, आणि ती शंभर वर्षांहून जास्त चालली. आपल्याला एक आठवडा जड जातोय.

हे लोक कोणी मोठे संत नव्हते, हे आधी सांगते. मोराव्हियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, धर्मछळामुळे पळून आलेली कारागीर माणसं. 1722 मध्ये काउंट त्सिन्त्सेनडोर्फ नावाच्या तरुण जमीनदाराने त्यांना आपल्या जमिनीवर जागा दिली. मागून आणखी लोक येत गेले, वेगवेगळ्या पंथांचे, आणि पाच वर्षांत उपासनेच्या रीतींवरून अशी भांडणं जुंपली की वस्ती मोडते की काय असं झालं. काउंटने घरोघर जाऊन समजूत घातली. मे 1727 मध्ये कसं वागायचं याच्या करारावर सह्या झाल्या, 13 ऑगस्टला शेजारच्या गावच्या चर्चमध्ये सगळे प्रभुभोजनाला एकत्र आले आणि तिथं त्यांची मनं जुळली. प्रार्थनेची साखळी त्याच महिन्याच्या 27 तारखेला सुरू झाली. हा क्रम कमिटीत जरूर वाचून दाखवा, विशेषतः जे दोघे एकमेकांच्या बाकावर बसत नाहीत त्यांच्यासमोर.

आता मुद्द्याचं. 24 भाऊ आणि 24 बहिणींनी दिवसाचे तास वाटून घेतले. कोणाला कोणता तास, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. आणि तो तास ज्याने त्याने आपापल्या ठिकाणीच पाळायचा होता. रात्री दोनला कोणी कंदील घेऊन चर्चला गेलं नाही. आठवड्यातून एकदा सगळे जमायचे, कोणासाठी काय मागायचं ते एकमेकांना सांगायचे आणि परत आपापल्या तासाला. वेदीवरचा अग्नी कधी विझू द्यायचा नाही, हे बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकातलं वचन त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पण त्यासाठी एकाच याजकाला चोवीस तास जागवायचं नाही, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. माझा अंदाज, शंभर वर्षांत कितीतरी जण त्या तासाला पेंगलेही असतील. पुढच्या तासाचा माणूस होताच की.

आपण ‘निरंतर प्रार्थना करा’ हे वचन एकेकट्याच्या मानेवर ठेवतो आणि मग ते झेपत नाही. प्रेषित पौलाने ते थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलं, साऱ्या मंडळीला, इ.स. 50 च्या सुमारास. त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की तुमच्यापैकी कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं. तंबू शिवणारा माणूस तो. दिवसभर दाभण चालवणाऱ्याने ‘निरंतर’ म्हटलंय, तेव्हा त्याला गुडघ्यावर बसून काढलेले तास अभिप्रेत नसणार.

आजी मला दर रविवारी विचारते, पाळीमुळे उपासना चुकते तर प्रार्थनेचं काय करतेस. तिला हे वाचून दाखवा. इथं वृद्धाश्रमात प्रत्येक खोलीत शिरताना आणि निघताना हाताला जंतुनाशक चोळावं लागतं. पूर्ण 30 सेकंद, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांपर्यंत. रात्री अंथरुणाला खिळलेल्यांची कूस ठरल्या वेळी बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे एका रात्रीत हे 30 सेकंद कितीदा येतात, बघा. तेवढ्यात मी आत झोपलेल्या माणसाचं नाव प्रभूपुढे ठेवते. ‘प्रभू, यांना आज खोकला कमी येऊ दे.’ बस, एवढंच. कधी नुसतं नाव. येशूने व्यर्थ बडबड करू नका म्हटलंय, ते 30 सेकंदांत आपोआप पाळलं जातं. घाईच्या रात्री निम्म्या वेळा माझ्या डोक्यात पुढच्या खोलीची घंटाच असते, हेही तिला सांगा.

या भागात बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे नाहीत, त्यामुळे कामावर मी कोणाला धर्माचं काही सांगत नाही. पण रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत, त्यांनी माझे ओठ हलताना पाहिले आणि काय पुटपुटतेस म्हणून विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, “माझा देवावर विश्वास नाही. पण असू दे, नुकसान तर काही नाही.” वर, कंबरेचं नाव घ्यायला विसरू नकोस म्हणाले.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जी आत्मिक जागृती झाली, तिचं आजी नेहमी सांगते, मुली कशा रडल्या, कशी पापं कबूल केली. पण ती जागृती जून अखेरीची. त्याआधी वर्षाच्या सुरुवातीपासूनच रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला बोलावलं होतं. आधी सत्तरेक आल्या, जूनपर्यंत पाचशेच्या वर गेल्या. मधले ते महिने कोणी साक्षीत सांगत नाही. मला आता त्यांचंच जास्त अप्रूप वाटतं.

तर रात्रीच्या रकान्यांचं असं करा. लोकांना चर्चमध्ये बोलावूच नका, घरून तास पाळू द्या. आणि जे एरवीही जागे असतात त्यांना आधी विचारा. एमआयडीसीत रात्रपाळीला जाणारे आपल्या मंडळीत आहेत, सिव्हिलच्या नर्सा आहेत, धाकट्या काकूचं बाळ तर कोणाला झोपू देत नाही. यांना आजवर कोणी विचारलं नसेल, कारण रविवारी ते पेंगलेले दिसतात. शिवाय आपली निम्मी घरं बाहेरदेशी आहेत. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासाने पुढे गेली की तुमच्या रात्री दोनला माझे साडेदहा वाजलेले असतील. त्या आठवड्यात माझी सकाळपाळी आहे, म्हणजे संध्याकाळ मोकळी. दोन ते तीन मला द्या, सगळे दिवस. बारा ते एक दुबईच्या दादाला द्या, त्याचे तेव्हा साडेदहाच वाजतात. तीन ते चार न्यू जर्सीच्या आत्याला, तिच्याकडे उजेड असतो. एक ते दोनला एमआयडीसीवाले. चारनंतर आजी उठलेलीच असते, फक्त तिचं नाव वहीत घाला म्हणजे ती खूश.

एक मात्र पाहा. ‘जगात शांती नांदो’ असले मोघम विषय पाठवू नका, तासभर त्यावर काय बोलायचं? नावं पाठवा. कोणाचं ऑपरेशन आहे, कोणाच्या पोराला नोकरी नाही, कोण दारू सोडायला बघतंय (हे त्याला विचारूनच). वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवा, पण अक्षर तुमचं नको, आईचं असू दे.

सर्वांना सलाम. औषध वेळेवर घ्या.

तुमची लेक

ता.क. आत्याला तुम्हीच विचारा. मी फोन केला की ती स्थळांचं काढते.