समुद्राचं पाणी सगळीकडे सारखं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतली ‘माहीत आहे का?’ ही चौकट वाचली आणि आज सकाळी पहिलं काम म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. ‘समुद्राचे पाणी जगात कुठेही घ्या, एका लिटरात ३५ ग्रॅम मीठ’ असं आपण ठळक अक्षरात छापलंत. ३५ ही सरासरी आहे, ती लिटरला नसून किलोला आहे, आणि ‘कुठेही’ तर साफ चूक आहे.

एवढ्याशा चौकटीवरून पत्र कशाला, असं आपल्या कचेरीत कुणी म्हणेल. कारण आहे. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरही पेठेतली मुलं प्रकल्पाची वही घेऊन घरी येतात. त्यातल्या नववीच्या एका मुलीने गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी समुद्राच्या पाण्याची क्षारता, म्हणजे एका किलो पाण्यात किती ग्रॅम मीठ, ती मोजली. तिचं आजोळ मालवणकडचं. मे महिन्यात उघड्या किनाऱ्यावरचं पाणी तिने स्वतः भरून आणलं. श्रावणात मामाने खाडीच्या तोंडाशी बाटल्या भरल्या आणि एसटीतून पाठवल्या. विशाखापट्टणमला नोकरी करणारा काका दिवाळीला येताना तिथलं पाणी घेऊन आला. पाण्यातलं क्लोराइड मोजायला लागणारं सिल्व्हर नायट्रेट महाग असतं. शाळेने दिलं तेवढंच तिने थेंबाथेंबाने पुरवलं. पिवळ्या पोटॅशियम क्रोमेटमध्ये विटकरी छटा येऊन टिकली की ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडणारी काचनळी, बंद करायची, आकडा लिहायचा, मग तोच नमुना पुन्हा करायचा. क्लोराइडवरून क्लोरीनता (एका किलो पाण्यातलं क्लोराइडचं प्रमाण) काढायची, तिला १.८०६५५ ने गुणलं की क्षारता मिळते. उत्तरं वेगवेगळी आली. मालवणचं मे महिन्यातलं पाणी सगळ्यांत खारट, विशाखापट्टणमचं त्याहून बरंच कमी, आणि श्रावणातलं खाडीचं तर निम्म्यावरही नाही.

परीक्षकांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, ‘समुद्राचं पाणी सगळीकडे सारखंच असतं. तुझं टायट्रेशन चुकलंय.’ टायट्रेशन म्हणजे हीच थेंबाथेंबाची मोजणी. तिने वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ३५ दिलंय, एवढंच सांगून ते पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस मिळालं नाही याचं मला काही नाही. पण घरी येऊन ती पोरगी मला विचारते, ‘बाई, मग मी सगळीकडे ३५ लिहायला हवं होतं का?’

संपादक महोदय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. एका मुलीने मोजून खरं लिहिलं आणि तिला खोटं लिहिण्याची इच्छा व्हावी, अशी आपण सगळ्यांनी मिळून व्यवस्था केली आहे. आता पुढच्या प्रदर्शनात तेच परीक्षक पुस्तकाऐवजी आपली चौकट दाखवतील.

तिचे आकडे बरोबर का होते ते सांगते. अरबी समुद्रातून वाफ होऊन जितकं पाणी उडतं, तितकं पावसाने आणि नद्यांनी त्यात परत येत नाही. म्हणून त्याच्या उत्तर भागात पृष्ठभागाची क्षारता किलोला ३६ ग्रॅमच्या वर असते. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी आणि आपली कृष्णा येऊन मिळतात, वरून पाऊसही भरपूर. पावसाळ्यानंतर त्याच्या उत्तर टोकाला क्षारता ३० च्याही खाली जाते, आणि दिवाळीच्या सुमाराला हे गोडसर पाणी किनाऱ्याच्या कडेने दक्षिणेकडे वाहत विशाखापट्टणमवरून पुढे जातं. काकाच्या बाटलीत तेच आलं होतं. एकाच अक्षांशावरचे, एकाच देशाच्या दोन बाजूंचे दोन समुद्र, आणि पाणी इतकं वेगळं. तांबड्या समुद्रात नद्या जवळजवळ नाहीत आणि ऊन प्रचंड, तिथे क्षारता ४० च्या घरात. युरोपातल्या बाल्टिकमध्ये नद्यांचं पाणी येतं, ऊन कमी, आणि बाहेर जायची वाट चिंचोळी. त्याच्या मधल्या भागात वरच्या पाण्याची क्षारता ७-८ इतकीच भरते. ध्रुवांजवळ समुद्र गोठतो तेव्हा बर्फ बहुतेक मीठ बाहेर टाकतो, आणि खालचं पाणी आणखी खारट आणि जड होतं.

आता आपल्या चौकटीत जे थोडं खरं होतं, त्याबद्दल. मीठ कमीजास्त झालं तरी त्यातल्या मुख्य घटकांचं आपसातलं प्रमाण उघड्या महासागरात जवळजवळ तेच राहतं. क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३०.६, सल्फेट ७.७, मॅग्नेशियम ३.७, मग कॅल्शियम आणि पोटॅशियम एकेक टक्क्याच्या आसपास. तांबड्या रश्शात पाणी वाढवलं तर रस्सा पातळ होतो, पण त्यातल्या तिखटा-मिठाचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही, तसं. लंडनच्या अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये हे सुचवलं. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये ते पक्कं केलं. एकट्या क्लोराइडवरून आमच्या मुलीला एकूण क्षारता काढता आली ती याच आधारावर. म्हणजे ज्या नियमाने तिची पद्धत बरोबर ठरते, तोच नियम अर्धवट ऐकून तिला चूक ठरवलं गेलं. याची मला जास्त चीड आहे.

प्रमाण तेच का राहतं, हे त्या चौकटीत एका वाक्यात बसलं असतं. सोडियम आणि क्लोराइड समुद्रात आले की कोट्यवधी वर्षं तिथेच राहतात. समुद्राचं पाणी मात्र हजारेक वर्षांत सगळीकडे ढवळून निघतं. इतक्या वेळात ते सारखं मिसळणारच. पण लोहासारखा घटक काही दशकांत, फार तर काही शतकांत गाळात जाऊन बसतो. ढवळण होण्याआधीच संपतो, म्हणून तो एका ठिकाणी असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नसतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर असूनही वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फारशा वाढत नाहीत, कारण लोह नाही. २००९ मध्ये भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून तिथे मुद्दाम लोह टाकून पाहिलं. लोह मिळालं, पण त्या पाण्यात सिलिका कमी होती. काचेसारखं कवच करणारे डायटम वाढलेच नाहीत, आणि जे वाढलं ते बारीक जीवांनी खाऊन टाकलं. एकाच पाण्यात एक घटक आहे, दुसरा नाही, आणि त्यावर तिथलं सगळं जगणं ठरतं. याला ‘कुठेही घ्या’ म्हणायचं?

प्लवक उन्हात वाढतात, वरचं नायट्रेट, फॉस्फेट संपवतात, मरतात, खाली पडतात. तिथे जिवाणू ते कुजवतात, ऑक्सिजन खर्च होतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून वरचं पाणी एक आणि हजार मीटर खालचं दुसरंच. उत्तर अटलांटिकात बुडालेलं पाणी तळातून फिरत शतकानुशतकांनी उत्तर पॅसिफिकात पोचतं, तोवर वरून पडणारा कचरा पचवून त्यातलं नायट्रेट जवळपास दुप्पट झालेलं असतं. त्यात कार्बन डायऑक्साइडही इतका की चुनखडीची कवचं पॅसिफिकात अटलांटिकपेक्षा कमी खोलीवरच विरघळून जातात. खोलीवर कॅल्शियम किंचित जास्त सापडतं ते याच कवचांचं. आणि आपण धुराड्यांतून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा समुद्र शोषतो आहे. पृष्ठभागाचा सामू (pH; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) औद्योगिक युगाआधी ८.२ च्या आसपास होता, तो ८.१ च्या आसपास आला. दशांश पाहून कुणाला ते किरकोळ वाटेल, पण हायड्रोजन आयन त्यात ३० टक्क्यांच्या आसपास वाढलेत.

एवढं लांब जायचं नसेल तर आपल्या शेजारचं बघा. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजार मीटरपर्यंत पाण्याचा असा थर आहे की त्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. पावसाळ्यात असंच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात वर चढतं, आणि कोकणात कोसळलेल्या पावसाचा पातळ गोडा थर त्यावर झाकण घालतो. गोव्यात दोनापावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. कांदोळीसमोर पावसाळा सरताना तळाचा ऑक्सिजन संपतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. डिसेंबरात त्याच जागी पाणी पुन्हा ठीक असतं. जागा तीच, महिना वेगळा, तर पाणी वेगळं. श्रावणातली बाटली आणि मे महिन्यातली बाटली यांत फरक आला म्हणून मुलीला बोल लावणाऱ्यांनी हे ऐकावं.

कोल्हापूरकरांना समुद्र म्हटला की सुट्टीतलं मालवण नाहीतर गणपतीपुळे आठवतं. साहजिक आहे, अरबी समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. पण आपलं पाणी तिकडे जात नाही. गगनबावड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस कुंभीतून पंचगंगेत येतो, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतो आणि अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर करत आंध्रात उपसागराला पोचतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं पाणी विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजचे दरवाजे उघडून समुद्रात सोडलं गेलं होतं. कोरड्या वर्षी मात्र कृष्णेचं पाणी धरणांत आणि शेतांत इतकं अडतं की समुद्रापर्यंत फारसं काही जातच नाही. उपसागराच्या वरच्या थराची क्षारता ठरवणाऱ्यांत आपली पंचगंगासुद्धा आहे, आणि तो गोडा थर खालच्या थंड पाण्याला वर येऊ देत नाही म्हणून तिथे पृष्ठभाग गरम राहतो आणि वादळांना बळ मिळतं. हे आमच्या मुलांना आपल्या पुरवणीतून कळायला हवं होतं.

पंचगंगेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. उन्हाळ्यात नदीत मासे मेले की आपण पहिल्या पानावर फोटो छापता. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन किती होता, नमुना कुठल्या बंधाऱ्यावर घेतला, किती वाजता घेतला, हे कधीच छापत नाही. ‘नदी प्रदूषित’ एवढ्याने काय कळतं? पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. सकाळी अकराला घेतलेल्या नमुन्यावर ‘पाणी समाधानकारक’ असा अहवाल आला तर तो वाचकाने मान्य का करावा? बातमीदाराने हा एक प्रश्न संबंधितांना विचारावा. सांडपाणी सोडणाऱ्यांना फोटोची सवय झाली आहे, आकड्याची नाही.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच चौकटीत, तितक्याच ठळक अक्षरात दुरुस्ती छापावी: उघड्या महासागरात क्षारता साधारण ३३ ते ३७, बंदिस्त समुद्रांत आणि नद्यांच्या मुखांशी त्याहून फार वेगळी, मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ स्थिर, पोषकद्रव्यं, ऑक्सिजन, लोह आणि सामू जागा, खोली आणि ऋतूप्रमाणे बदलणारे. तळाच्या कोपऱ्यात ‘खुलासा’ म्हणून बारीक अक्षरात छापणार असाल तर नको. आणि जागा उरली तर आमच्या मुलीचा तक्ता छापा. वही तिने जपून ठेवली आहे, बाटल्यांवरच्या तारखांसकट. बातमीदाराला पाठवा, मी तिला घेऊन कार्यालयात यायलाही तयार आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर